पाळीआधीची खा-खा आणि वजनाचा काटा

तीन आठवडे सगळे नीट चाललेले असते. चहातली साखर बंद, रात्रीचा भात बंद, जेवणानंतर चालणे सुरू. मग पाळीला पाच दिवस उरलेले असताना एका संध्याकाळी फरसाणाची पिशवी निम्मी होते, रात्री फ्रिजचे दार उघडे ठेवून डब्यातूनच श्रीखंड खाल्ले जाते आणि सकाळी काटा दीड किलो जास्त दाखवतो. "डॉक्टर, सगळी मेहनत वाया गेली." कोलशेतला माझ्याकडे वजन कमी करण्यासाठी येणाऱ्या बायकांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता काट्यावर उभे करण्याआधी मी पाळीची तारीख विचारते.

मेहनत वाया गेलेली नसते. दीड किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा अकरा-साडेअकरा हजार कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, म्हणजे श्रीखंडाचे अर्ध्या किलोचे सात-आठ डबे. तेवढे कोणी खात नाही. काट्यावर अचानक दिसलेले बहुतेक वजन पाण्याचे असते. खरे नुकसान त्यानंतर होते. ‘आता मोडलेच आहे, तर पाळी संपल्यावर नव्याने सुरू करू,’ असे म्हणून पुढचे आठ-दहा दिवस सोडून दिले जातात आणि दर महिन्याला तेच घडते. म्हणून या लेखात भूक मारायचे उपाय थोडे आहेत. ते पाच दिवस आधीच हिशेबात कसे धरायचे, हे जास्त आहे.

ही भूक खरी असते का?

असते, पण वाटते तेवढी मोठी नसते.

28 दिवसांचे चक्र धरले तर साधारण मध्यावर अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर पाळी येईपर्यंतच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेले असते. गर्भ राहिला तर त्याची सोय व्हावी म्हणून शरीराने केलेली ही तयारी असते. या काळात अंगाचे तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढते, इन्सुलिनला शरीर थोडा कमी प्रतिसाद देते आणि भूक वाढते. गरोदरपणातही हेच हार्मोन भरपूर असते, त्यामुळे ‘पाळीआधी मला डोहाळे लागतात’ असे एखादी हसत म्हणते तेव्हा ती अगदीच चुकीचे बोलत नसते. शेवटच्या काही दिवसांत प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन्ही खाली येतात, त्याबरोबर मेंदूतल्या सेरोटोनिनचे कामही बदलते. चिडचिड, रडू येणे, गोड खावेसे वाटणे हे बहुतेकींना याच दिवसांत जाणवते.

बायकांनी चक्राच्या वेगवेगळ्या दिवसांत किती खाल्ले हे मोजणारे अनेक अभ्यास झाले आहेत. पाळीआधीच्या दिवसांत खाणे सरासरीने रोज 100 ते 300 कॅलरींनी वाढते, असे त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत दिसते. काही बायकांमध्ये फरकच पडत नाही. 300 कॅलरी म्हणजे एक वडापाव. या दिवसांत शरीर थोडी जास्त ऊर्जा जाळते हेही खरे आहे, पण ती वाढ इतकी लहान असते की तिच्या भरवशावर काहीही खाल्ले तरी चालेल, असे समजू नका.

आता हिशेब करून पाहू. समजा, तुम्ही रोज गरजेपेक्षा 400 कॅलरी कमी खाता. महिन्याला 12,000 कॅलरींची तूट झाली, म्हणजे साधारण दीड किलो चरबी. पाळीआधीचे पाच दिवस तुम्ही ठरलेल्यापेक्षा रोज 250 कॅलरी जास्त खाल्ल्या. एकूण 1,250. तूट 12,000 ऐवजी 10,750 झाली. दीडशे-एकशे साठ ग्रॅमचा फरक पडला. त्या पाच दिवसांतही तुम्ही रोज दीडशे कॅलरी कमीच खात होता, म्हणजे वजन कमी होणे थांबलेलेसुद्धा नव्हते. हा हिशेब मी कागदावर करून दाखवते तेव्हा समोरच्या बाईचे खांदे खाली येतात.

काट्याचे काय?

पाळीआधी अंगात पाणी आणि मीठ साठते. पोट फुगते, स्तन दुखतात, अंगठी घट्ट होते. यामुळे वजन अर्धा ते दोन किलो वाढलेले दिसू शकते आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ते आपोआप उतरते. पापड, लोणचे, वेफर, सुकट खाल्ले असेल तर आणखी वाढते. कोलशेत गावातल्या आगरी-कोळी घरांत सुके बोंबील आणि सुकट असणारच, आणि त्यातली प्रथिने चांगलीच असतात. पण या आठवड्यात ताजी मासळी बरी. सुके करायचेच असेल तर चांगले धुऊन घ्या आणि वरून मीठ घालू नका.

म्हणून पाळीच्या आधीच्या आठवड्यात वजन करूच नका. पाळी संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन करा आणि त्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी करा. कमरेचे मापही त्याच दिवशी घ्या. 80 सेंटिमीटरच्या वर कंबर असेल तर भारतीय स्त्रियांसाठी ते जास्त समजले जाते. उंचीच्या मानाने वजन पाहायचे, तर बीएमआय 23 च्या पुढे गेला की लक्ष द्यायचे. या दोन्ही आकड्यांच्या आत असलेल्या कॉलेजच्या मुलीही माझ्याकडे ‘पाळीआधी कंट्रोल राहत नाही’ म्हणून येतात. त्यांना वजन कमी करायची गरजच नसते. महिनाभर स्वतःला उपाशी ठेवल्यावर जे होणार, तेच त्यांचे होत असते.

चॉकलेटच का, आणि फरसाणच का?

‘शरीरात मॅग्नेशियम कमी झाले की चॉकलेट खावेसे वाटते’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तसे असते तर भोपळ्याच्या बिया, राजगिरा आणि पालेभाजी पाहूनही तोंडाला पाणी सुटले असते. त्यांत मॅग्नेशियम भरपूर असते. अमेरिकेत पाळीच्या सुमारास चॉकलेटची इच्छा होणे फार सर्रास आढळते. पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका अभ्यासात, परदेशात जन्मून अमेरिकेत आलेल्या स्त्रियांमध्ये ही तक्रार बरीच कमी दिसली. हार्मोन्स तर सगळ्यांची सारखीच. म्हणजे भूक वाढवण्याचे काम शरीर करते, पण कोणता पदार्थ आठवायचा हे बरेचसे आपण लहानपणापासून काय खात आलो, कशाने बरे वाटते आणि कशाला ‘आज चालेल’ म्हणत आलो, यावर ठरते. इथल्या टॉवरमधल्या मुली चॉकलेट आणि केक सांगतात. त्यांच्या आया शेव, चिवडा, कैरीचे लोणचे सांगतात. माझे स्वतःचे लसूण शेवेवर अडते.

यात एक सोयीची गोष्ट आहे. पदार्थ सवयीने ठरत असेल, तर तो किती, कसा आणि कधी खायचा याचीही सवय लावता येते.

संध्याकाळी पाच वाजता खा

खा-खा कधी होते, असे विचारले की उत्तर जवळजवळ नेहमी ‘घरी आल्यावर’ असे येते. मग मी त्या दिवसाचे सगळे खाणे विचारते. सकाळी साडेसातला घर सोडले, रिक्षा किंवा बसने ठाणे स्टेशन, तिथून लोकल. नाश्ता म्हणजे चहा आणि दोन बिस्किटे. एक वाजता डबा, त्यातली एक पोळी ‘डाएट आहे’ म्हणून परत. चार वाजता चहा. संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर वड्याचा वास, पुढे कापूरबावडीचा ट्रॅफिक आणि घरी पोहोचेपर्यंत आठ. एकपासून आठपर्यंत सात तास पोटात चहाशिवाय काही नाही. अशा वेळी पाळी जवळ नसती तरी फरसाणाची पिशवी फुटलीच असती. दोष मात्र सगळा हार्मोन्सना जातो.

या एकाच बदलाने निम्म्या बायकांचा प्रश्न बराच हलका झालेला मी पाहिला आहे. पाळीआधीच्या आठवड्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास, भूक लागो न लागो, 150 ते 200 कॅलरींचे प्रथिने असलेले काहीतरी खा. मूठभर भाजलेले चणे आणि एक फळ, दोन उकडलेली अंडी, वाटीभर मोड आलेली उकडलेली मटकी कांदा-लिंबू घालून, किंवा घट्ट दही. पर्समध्ये चण्याची डबी ठेवायला काही लागत नाही. शेंगदाणे चालतात, पण मोजून, कारण मूठभर म्हणता म्हणता दोन मुठी होतात आणि एका मुठीतच पावणेदोनशे कॅलरी असतात.

सकाळीही पोट रिकामे ठेवू नका. मुगाचे धिरडे, दह्याबरोबर थालीपीठ, अंड्याची पोळी, नाचणीची आंबील आणि बरोबर एखादे अंडे, जे घरात सहज होते ते. दुपारच्या डब्यातली परत आणलेली ती एक पोळी या आठवड्यात खाऊन टाका, वरण किंवा उसळ वाढवा. हे जास्तीचे खाणे वर केलेल्या हिशेबात आधीच धरलेले आहे.

आणि ज्याची इच्छा होते ते खा. ‘अजिबात नाही’ म्हटलेला पदार्थ दिवसभर डोक्यात फिरतो आणि रात्री दुप्पट खाल्ला जातो. फरसाणात 100 ग्रॅमला 500 च्या वर कॅलरी असतात, पण आमटीच्या छोट्या वाटीत ते 35-40 ग्रॅमच मावते. तेवढे वाटीत काढा, पिशवी बंद करून आत ठेवा आणि बसून खा. गोड हवे असेल तर जेवणानंतर लगेच खा. भरल्या पोटी एका पेढ्यावर थांबता येते, रिकाम्या पोटी थांबता येत नाही. या आठवड्यात किलोची पिशवी घरात आणूच नये. घरच्यांना हवे असेल तर त्यांनी बाहेर जाऊन खावे, असे मी सरळ सांगते.

घरच्यांनी हा लेख वाचला असेल तर त्यांना आणखी एक सांगायचे आहे. ‘एवढं खातेस, मग जिमचे पैसे कशाला भरले?’ हे वाक्य थट्टेतही नको. त्याने खाणे थांबत नाही, लपून सुरू होते, आणि लपून खाल्लेले नेहमी जास्त असते. त्यापेक्षा त्या चार दिवसांत संध्याकाळचा स्वयंपाक कोणीतरी हातात घेतला तर जास्त उपयोग होतो.

चालणे बंद करू नका. रोज सेंट्रल पार्कला तीन फेऱ्या मारत असाल आणि अंग जड वाटत असेल, तर दोन मारा. झोप मात्र कमी करू नका. सहा तासांच्या आत झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पाळी नसतानाही गोड आणि तळलेले जास्त हवेसे वाटते.

उपवास आणि पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार किंवा नवरात्र या आठवड्यात आले तर गाडी हमखास घसरते. दिवसभर चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री उपवास सोडताना दोन जेवणांइतके एक जेवण. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्याने भूक लवकर परत येते. उपवास करायचाच असेल तर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, उकडलेले रताळे यांवर करा. सोळा तास उपाशी राहण्याची पद्धत पाळत असाल आणि याच आठवड्यात ती मोडत असेल, तर इतके दिवस ती बारा तासांवर आणा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने उपवास करू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्याच बायकांना पाळीच्या आधी काही दिवस साखर थोडी वाढलेलीही दिसते; ती तारखेसह लिहून ठेवा म्हणजे डोस ठरवायला मदत होते.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागायला रांग लागते. घरात काय पाळायचे हे तुमचे तुम्ही ठरवा, पण या गोळीने काय होते ते माहीत असू द्या. त्यात नॉरएथिस्टेरोन असते आणि ते प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते. पाळी पुढे गेली म्हणजे पाळीआधीचे दिवस लांबले. पोट फुगणे, स्तन दुखणे, चिडचिड आणि भूक हे सगळे आठ-दहा दिवस जास्त चालू शकते, तेही नेमके मोदकांच्या दिवसांत. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, अर्धशिशीचा त्रास असेल तर मेडिकलमधून परस्पर आणून ही गोळी अजिबात घेऊ नका.

तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनने काहींची भूक आणि वजन वाढते. ते सुरू केल्यापासूनच खा-खा वाढली असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. दुसरे साधन निवडता येते.

कॅल्शियमचा उपयोग होतो का?

औषधांच्या दुकानात पाळीआधीच्या त्रासासाठी बरेच काही मिळते. त्यातल्या बहुतेक गोष्टींवर मी पैसे घालवायला सांगत नाही. कॅल्शियमबाबत मात्र चांगला पुरावा आहे. 1998 साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांचा पाळीआधीचा एकूण त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत 48 टक्क्यांनी कमी झाला, आणि कमी झालेल्या तक्रारींत खा-खासुद्धा होती. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांचाही त्रास 30 टक्क्यांनी कमी झाला, हेही लक्षात ठेवायला हवे.

प्रौढ स्त्रीला रोज साधारण 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन कप दूध किंवा दही यांतून त्यातले निम्मे मिळते, 100 ग्रॅम नाचणीतून सुमारे 350 मिलिग्रॅम. तीळ, काट्यांसकट खाल्ली जाणारी मांदेलीसारखी छोटी मासळी, हेही चांगले. एवढे आहारात नसेल तर गोळी घेता येते. मूतखडा झालेला असेल तर आधी विचारा. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवा, आणि लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर घेऊ नका.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

आधी दोन महिने कॅलेंडरवर तीनच गोष्टी लिहा: पाळीचा पहिला दिवस, कोणत्या दिवशी खा-खा झाली, आणि त्याआधी शेवटचे कधी खाल्ले होते. पाळीमुळे होणारी खा-खा पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत ओसरते. महिनाभर सारखीच राहत असेल तर कारण दुसरे शोधावे लागेल. पाळी पस्तीस दिवसांहून उशिरा किंवा अनियमित येत असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर पीसीओएसची तपासणी करा. नेहमी वेळेवर येणारी पाळी चुकली आणि खायची इच्छा विचित्र झाली, तर आधी गर्भधारणेची चाचणी करा. हे सुचवल्यावर हसणाऱ्यांपैकी काहींची चाचणी पॉझिटिव्ह आलेली आहे.

बर्फ, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. हे बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल किंवा रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालत असेल, तर रक्त तिथे जात आहे. अशा बाईला मी कमी खायला सांगत नाही. आधी तिचे रक्त भरून काढायचे असते.

थोड्या वेळात खूप खाऊन टाकणे, थांबताच न येणे, मग ओकून काढणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे हा वेगळा आजार आहे. त्यात डाएट चार्ट दिला तर तो वाढतो. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतात.

काही थोड्या बायकांना दर महिन्याला पाळीआधी खा-खाबरोबर टोकाची निराशा येते, अनावर राग येतो, नोकरी किंवा संसार मोडेल इतके भांडण होते, आणि पाळी आली की आठवड्यात सगळे निवळते. ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून घरात याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. याला पीएमडीडी म्हणतात आणि 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी त्यात चांगला गुण येतो, आणि बऱ्याच जणींना त्या महिनाभर घ्याव्या लागत नाहीत. फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेऊनही चालते. या दिवसांत जीव नकोसा वाटत असेल, तर पाळी येण्याची वाट पाहत बसू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो लावा, घरातल्या एकाला सांगा आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडर घेऊन दवाखान्यात या.